अकरा वह्या

१

मंगळवारी सकाळी भावनानं पेटीचं झाकण उचललं आणि सवयीनं वह्या मोजल्या. अकरा भरल्या. तिनं पुन्हा मोजल्या. मग मांडीवरच्या मैत्रीला सतरंजीवर बसवून, एकेक वही बाहेर काढून तिसऱ्यांदा मोजल्या. दहा महिन्यांच्या लेकराच्या आईला मोजायची खोडच लागलेली असते. औषधाचे थेंब, तापाचे अंश, वाळत घातलेली दुपटी. तिची मोजणी सहसा चुकत नसे आणि आजही चुकली नव्हती. अठराशे अडुसष्टपासून एकोणऐंशीपर्यंत बारा वर्षांच्या बारा वह्या होत्या. त्यातली शहात्तर सालची गेली होती.

शालेमवाडी म्हणजे टेंभुर्णीपासून चार कोसांवरची चाळीस घरांची ख्रिस्ती वस्ती. वस्तीच्या मधोमध काळ्या दगडाचं चर्च आणि चर्चमागं विहीर. हे सगळं उभं केलं रेव्हरंड रॉबर्ट लॉरी नावाच्या स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पाळकानं. वस्तीच्या तोंडी तो लारी साहेब. बारा वर्षं तो इथं राहिला, पटकीच्या साथीत इथंच गेला. मराठी पक्की व्हावी म्हणून रोजनिशी मराठीत लिहायचा. ते सगळे कागद चर्चच्या बाजूच्या खोलीत एका सागवानी पेटीत होते. जालन्याच्या एका कॉलेजनं त्यांचे फोटो काढून यादी करायचं सहा महिन्यांचं काम भावनाला दिलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं सही केली होती: बारा वह्या ताब्यात मिळाल्या.

आणि कालचा सोमवार तर सणासारखा गेला होता. पेटीच्या तळाशी, उपदेशांच्या गठ्ठ्याखाली तिला एक जाड लिफाफा सापडला. आत एकच कागद. तिनं तो मोठ्यानं वाचला. लारी साहेबानं सन अठराशे शहात्तरच्या नाताळच्या पवित्र दिवशी, उपासना झाल्यावर, सर्व मंडळीसमक्ष विहीर आणि विहिरीभोवतीचं रान धोंडीबा मेंढपाळ आणि त्याच्या वंशजांना कायमचं दिलं होतं.

तेव्हा खोलीत तिघं होती. एक साहेबराव, वस्तीच्या पंचांतले थोरले. मंडळीत अशा माणसाला 'वडील' म्हणतात, म्हणून अख्खी वस्ती त्यांना वडीलच म्हणायची. दुसऱ्या मोनिकाबाई, वस्तीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. आणि दारात टेकलेला सुग्रीव. धोंडीबाचा खापरपणतू. त्याच्या घरची मेंढरं पिढ्यानपिढ्या त्या रानात बसत आली होती. कागद ऐकून तो एवढंच म्हणाला, "बाई, हे खरंय का?"

साहेबरावांनी डोळे पुसले. भावनानं कागद सापडल्याची नोंद केली, खाली सही केली आणि उत्साहाच्या भरात सगळ्यांसमोर म्हणाली की, साहेब तर रोज लिहायचे, त्या दिवसाचंही लिहिलं असेल, उद्या शहात्तरची वही काढून पडताळू. तेवढ्यात मैत्री भुकेनं रडायला लागली, वडापच्या जीपनं बाहेर हॉर्न दिला, आणि भावना पेटीला कुलूप लावून टेंभुर्णीला घरी निघाली.

एक किल्ली तिच्याकडं असायची. दुसरी घंटेच्या दोराशेजारी खिळ्याला. ती कुठं असते हे शालेमवाडीतल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

साहेबराव आले. त्यांनी रिकामी जागा पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग भावनाच्या डोक्यावर हात ठेवून फार मायेनं म्हणाले, "लेकी, चुकून घरी गेली असंल पिशवीतून. घेऊन ये. कुणी काही म्हणणार न्हाई तुला."

२

दुपारपर्यंत वस्तीनं आपला हिशेब जुळवला होता. कागद सापडला कुणाला, भावनाला. वही गेली कुणाच्या ताब्यातून, भावनाच्या. कागदाचा फायदा कुणाला, तर सुग्रीवला. आणि मैत्रीच्या वाटीत रोज शेळीचं दूध कुणाच्या घरून येतं?

हे शेवटचं खरं होतं. भावनाचं दूध कमी पडायला लागलं तेव्हा तिच्या सासूनं, चांगुणाबाईंनी, सुग्रीवच्या बायकोशी ओळख काढली होती. दोघी टेंभुर्णीच्याच. रोज सकाळी लोटाभर दूध चर्चच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन पडायचं. कालपर्यंत त्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. आज तेच दूध लाच झालं होतं.

संध्याकाळी पंच बसले. साहेबरावांनी तक्रारीचा अर्ज स्वतः लिहिला, कारण वस्तीत त्यांच्यासारखं अक्षर कुणाचं नाही. उमेदीत त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, चर्चच्या भिंतीवरची वचनंही त्यांचीच. तितक्याच वळणदार अक्षरात त्यांनी 'संशयित' या शब्दापुढं भावनाचं नाव लिहिलं आणि अर्ज बायबलमध्ये ठेवला. रविवारच्या उपासनेपर्यंत वही आली तर अर्ज फाडायचा, नाही आली तर सोमवारी पोलिसांत द्यायचा असं ठरलं. पेटीला त्यांनी कागदी पट्टी डकवून सह्या केल्या.

भावनाचा नवरा भारत जालन्याला सळईच्या कारखान्यात पाळीवर होता. फोनवर तो म्हणाला की घाबरू नको, मी येतो. पण भावनाला डोळ्यांसमोर फक्त एक बाक दिसत होतं. चौकीतलं. त्यावर ती बसली आहे, 'थांबा' म्हणतायत म्हणून थांबली आहे, आणि मैत्री घरी आईशिवाय वाटीला तोंड लावत नाही आहे. एकदा नाव चढलं की कॉलेज पुढचं काम देणार नाही, हे तर होतंच. पण ते नंतरचं.

बुधवारी ती सुग्रीवला गाठायला रानात गेली. तो बाभळीखाली बसून एका कोकराचा पाय बांधत होता. ती जवळ आली तरी त्यानं मान वर केली नाही.

तिनं सरळच विचारलं, की वही तुम्ही घेतली का?

"मला वाचता येत न्हाई, बाई. घेऊन काय करू, मेंढरांना घालू?" तो गाठ मारत म्हणाला. मग जरा थांबून बोलला, की कागद ऐकून त्याला आनंद झाला आणि शंकाही आली. घरातल्या म्हाताऱ्यांनी कितीतरी गोष्टी सांगितल्या, कुणाची मेंढी लांडग्यानं नेली तेही सांगितलं, आणि एवढं रान मिळाल्याचं कुणीच कसं सांगितलं नाही?

"आन आमच्या म्हाताऱ्यानं कुणाकडून जमीन घेतली असती ना, तर पाडव्याला घेतली असती. न्हाईतर दसऱ्याला. नाताळ कंच्या महिन्यात येतो हे मलाच लगीन झाल्यावर कळलं, इथल्या लोकांचं जेवणाचं बोलावणं यायला लागल्यावर."

भावना परत फिरली, तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"सोमवारी तुमची जीप गेल्यावर मी मेंढरं पाण्यावर घेऊन आल्तो. चर्चच्या त्या खोलीतून एक जण बाहेर येताना बघितलं. मी कुणाला सांगितलं न्हाई." त्यानं कोकराला उभं केलं. "मोनिकाबाई होत्या. हातात पिशवी होती."

३

मोनिकाबाईंच्या घरात शाळेचा वास अजून होता, खडूचा आणि जुन्या नकाशांचा. त्यांनी मैत्रीला भुईवर खेळायला चमचे दिले आणि चहा ठेवला. भावनाला त्यांच्याबद्दल आदर होता. दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या शाळेचा इतिहास लिहायचा म्हणून त्यांनी बाराच्या बारा वह्या चष्मा लावून वाचून काढल्या होत्या. सबंध शालेमवाडीत लारी साहेबाला वाचलेल्या त्या एकट्याच. बाकी वस्ती त्याच्या फोटोला हार घालायची.

सोमवारचं विचारल्यावर बाईंनी नाकारलं नाही. हो, गेले होते म्हणाल्या. खिळ्यावरची किल्ली घेतली, पेटी उघडली, शहात्तरची वही बघायला. ती तिथं नव्हती. पिशवीत भाजी होती.

"म्हणजे सोमवारीच गेली होती. मग तुम्ही काल पंचांसमोर का नाही बोललात, बाई?"

बाई चहा गाळत राहिल्या. गाळणी कधीच रिकामी झाली होती.

भावनानं दुसरा प्रश्न विचारला. कागद ऐकल्यावर वही बघावीशी त्यांना का वाटली? वही वाचलेल्या माणसाला त्यात काय आहे हे ठाऊक असणार.

"दोन वर्षं झाली. तारीखवार कुणाच्या लक्षात राहतं? मी शाळेचं तेवढं टिपून घेतलं होतं," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. वर्गात एखादं पोर बरोबर उत्तराच्या जवळ आलं की शिक्षकांचा बदलतो तसा. "तुला एक माहीत नसेल. ही जमीन वस्तीच्या नावावर नाही, ट्रस्टच्या आहे. ट्रस्टची माणसं मोठ्या शहरात बसतात. त्यांनी विहिरीसकट रान विकायचं ठरवलंय. येत्या बुधवारी मोजणीवाले येणार होते. तो कागद निघाल्यापासून मोजणी थांबली आहे."

"मग कागद चांगलाच म्हणायचा."

"उन्हाळ्यात या चार गावांत टँकर येतो. आमच्याकडं येत नाही. त्या विहिरीचं पाणी मीही पिते, भावना."

भावना दारात चप्पल घालत असताना त्यांनी मैत्रीला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी, जणू तिलाच सांगावं तसं पुटपुटल्या, "तुझ्या आईला म्हणावं, मला माफ कर."

कशाबद्दल, हे विचारायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं होतं.

४

शुक्रवारपर्यंत भावनाला दोन घास धड गेले नव्हते. मैत्रीला दात येत होते, अंग कोमट होतं, आणि प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजानं भावना खिडकीशी जात होती.

दुपारी चांगुणाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारचा शाळकरी मुलगा पुढच्या आठवड्यातल्या दिवाळीच्या सुटीबद्दल काहीतरी विचारून गेला, की तुमच्याकडं दिवाळी का करत नाहीत. चांगुणाबाई हसल्या. मग सुनेकडं वळून सांगू लागल्या, की त्यांच्या सासऱ्यांनी छपन्न साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, आणि त्या वर्षीपासून दिवाळी बंद केली. म्हातारी सासू महिनाभर बोलली नव्हती नवऱ्याशी.

"आन आता तुझ्या नवऱ्याला इचार," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं आपल्या घरात दिवाळी कधी नव्हतीच. पोरांचं असंच असतं बघ. आपण जे करून राह्यलो तेच आज्या-पणज्यानं केलं असंल, असं धरून चालत्यात. कुणी इचारतच न्हाई."

भावनाचा हात शेंगांवर थांबला.

साहेबराव दर नाताळला चर्चच्या पायरीशी उभे राहून सांगायचे की लारी साहेबानं याच दगडावर उभं राहून वस्तीचा पहिला नाताळ केला. कामाच्या पहिल्या आठवड्यात तिलाही त्यांनी तो दगड दाखवला होता. सबंध वस्तीला ते पाठ होतं. आणि सुग्रीवचं काय म्हणणं? आमच्या म्हाताऱ्यानं पाडव्याला घेतली असती.

पण साहेबानं? साहेबानं कधी दिली असती?

पेटीला पट्टी होती. पण त्र्याहत्तरपर्यंतच्या सहा वह्यांचे फोटो तिच्या फोनात होते. तिनं ते पानामागून पान काढले होते, वाचले मात्र नव्हते. एक डोळा कॅमेऱ्यावर आणि एक लेकरावर असताना वाचन कसलं होतं? तिनं आता प्रत्येक वर्षाचा डिसेंबर उघडला.

पंचवीस डिसेंबर एकोणसत्तर, शनिवार. 'टेंभुर्णीस जाऊन घोड्यास नाल मारविले. परत येता थंडी बहुत.'

सत्तर, रविवार. ती श्वास रोखून वाचू लागली, कारण नाताळ आणि उपासना एकाच दिवशी. 'उपदेश नीतिसूत्रे अध्याय अकरा, खोट्या तराजूविषयी. सत्तावीस जण आले. दोघे झोपले.' जन्माचा उल्लेख नाही, गीताचा नाही, जेवणाचा नाही.

एकाहत्तर, सोमवार. 'शाळेची परीक्षा घेतली. पाच मुले नापास.'

आणि बहात्तर. बुधवार. ती नोंद तिनं तीनदा वाचली. मग मैत्रीला उचलून कडेवर घेतलं, चांगुणाबाईंना म्हणाली, "आत्या, उद्या मला शालेमवाडीला जायचंय. तुम्ही सोबत चला. मी एकटी नाही जाणार त्या घरात."

५

शनिवारी दुपारी साहेबराव घरी एकटेच होते. वस्ती कापूस वेचायला रानात गेली होती. त्यांनी चांगुणाबाईंसाठी खुर्ची सरकवली, मैत्रीच्या हातात बिस्कीट दिलं. भिंतीवर लारी साहेबाचा फोटो होता, ताज्या शेवंतीच्या हारासकट.

भावनानं फोन टेबलावर ठेवला आणि त्यातूनच वाचलं.

"'आज जालन्याच्या छावणीतून एक साहेबाचा नोकर बडा दिन म्हणून मिठाई घेऊन आला. त्यास समजाविले की हा दिवस पवित्र शास्त्रात कोठे सांगितलेला नाही, आमच्या मंडळीत तो पाळीत नाहीत, आणि मीही पाळीत नाही. मिठाई मुलांस वाटली.'"

साहेबरावांनी मैत्रीच्या हातून पडलेलं बिस्कीट उचललं.

"तो नाताळ करत नव्हता, वडील. त्याच्या देशातल्या, त्याच्या पंथाच्या लोकांत तेव्हा नाताळ पाळायचेच नाहीत. मी काल तपासलं. पंचवीस डिसेंबर त्याला कामाचा दिवस होता. तो माणूस 'नाताळच्या पवित्र दिवशी' असं कधीच लिहिणार नाही. तो कागद त्याचा नाही."

साहेबरावांनी फोटोकडं पाहिलं. मग शांतपणे विचारलं की, असंल, पण मग ते लिहिलं कुणी?

भावना रात्रभर हेच मनात जुळवत आली होती. ती म्हणाली की कागद लिहिणाऱ्याला नाताळ हाच सगळ्यात मोठा दिवस वाटतो. सुग्रीवला तसं वाटत नाही, त्यानं पाडवा घातला असता. मोनिकाबाई ख्रिस्ती आहेत, पण त्यांनी बाराही वह्या वाचल्या आहेत, त्या ही चूक करणार नाहीत. कागद वाचताक्षणीच त्यांना तो खोटा आहे हे कळलं असणार, विहिरीसाठी त्या गप्प बसल्या. आणखी एक. कागद पेटीत ठेवणाऱ्याला साहेब रोजनिशीत दिवसाचं लिहितो हे सुचलंच नव्हतं, नाहीतर त्यानं शहात्तरची वही आधी काढली असती आणि कागद मग ठेवला असता. त्याला ते सोमवारी कळलं. भावनाच्याच तोंडून. म्हणजे तो सोमवारी खोलीत होता, त्यानं वह्या कधी वाचल्या नव्हत्या, आणि त्याला नाताळाशिवाय लारी साहेब दिसतच नव्हता.

"खोलीत तिघं होतात, वडील. दोघं गळाले."

चांगुणाबाईंनी मैत्रीला स्वतःकडं ओढून घेतलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. भावनाला वाटलं, आता हा माणूस उठेल, आरडाओरड करेल, वस्ती गोळा करेल, आणि आपण तिघी बाया इथं अडकू.

साहेबराव उठले. कपाट उघडून त्यांनी अंथरुणाच्या चादरींखालून एक वही काढली. शहात्तर. ती टेबलावर ठेवली नाही, छातीशी धरून उभे राहिले.

"मी उघडली पण न्हाई," ते म्हणाले. "भ्या वाटलं. रोज नमस्कार करतो त्याला. तो कसा होता आम्हाला ठाऊकच होतं की. वाचायचं कशाला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुन्या उपदेशांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद, त्याच गठ्ठ्यावरून आठ दिवस गिरवलेलं साहेबाचं अक्षर. वस्तीच्या नावानं कागद केला असता तर ट्रस्टनं म्हटलं असतं यांनीच केला. धनगराच्या नावानं केला तर कोण म्हणणार? सुग्रीव कुणाचं पाणी अडवणारा माणूस नाही. स्वतःसाठी एक वीतही मागितली नव्हती.

"माझं नाव मात्र घातलंत," भावना म्हणाली.

त्यांची मान खाली गेली. मग त्यांनी तोड सुचवली, हलक्या आवाजात, समजुतीच्या सुरात. वहीला वाळवी लागली होती, ती मीच जाळली, असं ते उद्या सांगतील. अर्ज फाडतील. भावनावर डाग राहणार नाही, कागद राहील, विहीर राहील. तिनं फक्त एवढंच करायचं, की गप्प बसायचं.

"चाळीस घरं हायेत, लेकी. तू पण आई हायेस. लेकरांच्या पाण्याचा इचार कर."

मोह खरा होता. नाव सुटत होतं, आणि त्यासाठी काहीच करायचं नव्हतं. पण सोमवारच्या नोंदीखाली तिची सही होती: कागद मला पेटीत सापडला. आज ना उद्या ट्रस्टचे वकील हा कागद एखाद्या जाणकारापुढं ठेवणार. जे तिला फोनवर चार तासांत दिसलं ते त्याला चार मिनिटांत दिसेल. त्या दिवशी खोटा कागद कुणी काढला असं विचारतील, आणि सहीकडं बोट दाखवतील. मैत्री तेव्हा शाळेत जात असेल. तिला कळायच्या वयाची झालेली असेल.

"मी गप्प बसणार नाही," ती म्हणाली. "उद्या एकतर तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन. बाकीच्या अकरा वह्या पेटीतच आहेत."

६

रविवारी चर्च भरलं होतं. जालन्याहून पाळकसाहेब आले होते. बाहेर झाडाखाली सुग्रीवही येऊन उभा होता, आणि भावनाच्या शेजारी मैत्रीला खांद्यावर घेऊन भारत. आशीर्वाद झाल्यावर कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी चाचरत विषय काढला, की त्या वहीचं काय झालं?

साहेबराव जागेवर बसून होते. मांडीवर बायबल, बायबलात अर्ज. भावना त्यांच्याकडं बघत राहिली. एक मिनिट गेलं. तिनं पदर खोचला आणि उठायला बाकाला हात टेकला.

तेवढ्यात मोनिकाबाई उठल्या. "मी आधी बोलते," त्या म्हणाल्या. "मला सोमवारपासून ठाऊक होतं की या पोरीनं काही केलेलं नाही. मी बोलले नाही. एवढं लिहून घ्या."

कुजबुज उठली. ती विरायच्या आत साहेबराव उभे राहिले. त्यांनी पिशवीतून वही काढली, पुढं जाऊन टेबलावर ठेवली, आणि मंडळीकडं पाठ करूनच सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बस करा वडील. ते थांबले नाहीत.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मग मोनिकाबाईंनीच भावनाला खूण केली, की उघड.

पंचवीस डिसेंबर अठराशे शहात्तर, सोमवार. भावनानं वाचलं. "'पाऊस गेला तो गेलाच. आज विहिरीवर एकसष्ट माणसे. दुपारी पाणी लागले. शेवटची कुदळ धोंडीबा मेंढपाळाची म्हणून तोच प्रथम प्याला. मंडळी माझे आभार मानू लागली. मी विचारले, खणले तुम्ही, आभार कोणाचे? मी दोर दिला, तेवढेच.' आणि खाली नावं आहेत. एकसष्ट."

तिनं ती नावं वाचली. धोंडीबा. मग एकेका घराचा कुणी ना कुणी. आठवं नाव साहेबरावांच्या पणजोबांचं होतं. झाडाखालून सुग्रीव हळूहळू दारापर्यंत आला होता.

यानं ट्रस्ट थांबेल का, असं कुणीतरी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले की सांगता येत नाही. मालकी ट्रस्टचीच आहे. पण ही वही खरी आहे, ती घेऊन उभं राहता येईल, पडावं लागणार नाही. मोनिकाबाईंनी पर्समधून पेन काढून नावं उतरवून घ्यायला सुरुवात केली.

साहेबराव अजून टेबलाशीच होते. म्हातारपण एका दिवसात अंगावर आल्यासारखे. बायबलातला अर्ज त्यांनी उलगडला. पंचांपैकी एकानं म्हटलं की, जाऊ द्या, फाडून टाका, वही मिळाली. साहेबरावांनी मान हलवली. गुन्हा झालाय तर अर्ज जाणारच, म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं. तिथं, त्यांच्याच सुंदर वळणात, तिचं नाव अजून होतं.

त्यांनी भावनाकडं पाहिलं. या आठवड्यात पहिल्यांदा, नजर न चुकवता.

"तुझं नाव खोडून माझं घालतो, लेकी."

"नको," भावना म्हणाली. तिनं भारतच्या खांद्यावरून मैत्रीला घेतलं. "नवा कागद घ्या, वडील. खोडलेलं नाव वाचता येतं."